धागा: भावाला मुलीला भेटायला परदेशी जायचंय, काय काळजी घ्यावी?

तासगावची_ताई
नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचत आले, आज लिहायची वेळ आली.

माझा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा आहे. तीन एकर द्राक्षबाग, बेदाण्याचं स्वतःचं शेड, कर्ज आटोक्यात, कसलं व्यसन नाही. दहा वर्षांत किती स्थळं पाहिली ते मोजायचं आईनं सोडून दिलंय. ‘मुलगा शेती करतो’ म्हटलं की पुढचं बोलणंच होत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू मुलांनी नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हा सगळीकडे हसण्याचा विषय झाला होता. आमच्या घरात कुणी हसलं नव्हतं.

१४ महिन्यांपूर्वी एका अ‍ॅपवर त्याची फिलिपिन्सच्या एका मुलीशी ओळख झाली. ती ३४ वर्षांची, सेबू शहरात कॉल सेंटरला रात्रपाळी करते. रोज बोलतात. हा बागेत पाणी सोडून बांधावर बसतो आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला घड दाखवतो. मीही दोनदा व्हिडिओवर बोलले. हसतमुख वाटली.

आता त्याला ऑगस्टमध्ये, गोडी छाटणीच्या आधी, तिकडे जायचंय. आयुष्यात कधी विमानात बसलेला नाही. मला त्याला अडवायचं नाही, पण रात्री झोप लागत नाही. कुणी असा प्रवास केलाय का? कशाकशाची काळजी घ्यावी?

मिहिर_ठाणे
आधी एकच विचारतो. पैसे मागितलेत का तिनं?

तासगावची_ताई
@मिहिर, तो नाही म्हणतो.

कोल्हापुरी_पम्या
ताई, ३८ वर्षांचा गडी आहे. तीन एकर बाग सांभाळणं म्हणजे रोज जुगार खेळण्यासारखंच. त्याला अक्कल आहे, जाऊ द्या. जास्तीत जास्त काय होईल, फिरून येईल.

अनघा_पुणे
@पम्या, ‘जास्तीत जास्त काय होईल’ यावर मला थोडं लिहायचंय, कारण मी स्वतः अशी गेले होते.

२०१९ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरला. आठ महिन्यांची ओळख, रोज बोलणं. तो म्हणाला, हॉटेल कशाला, घर मोठं आहे. मी स्टेशनजवळ स्वतःच्या पैशानं खोली घेतली आणि त्याला सांगितलं की पहिले तीन दिवस आपण बाहेरच भेटायचं. त्याला आवडलं नाही, पण चाललं. चौथ्या दिवशी त्याच्या घरी जेवायला गेले. बोलता बोलता म्हणाला, “पासपोर्ट पर्समध्ये घेऊन फिरतेस? इथे चोऱ्या होतात, माझ्या कपाटात ठेव, कुलूप आहे.” आवाज अगदी मायेचा. मी नको म्हटलं. मग त्यानं परत, परत, परत तेच विचारलं. जेवण झालं, कॉफी झाली, तरी विषय तोच. तोपर्यंत माझ्या हाताला घाम फुटला होता.

निघण्याआधी मैत्रिणीशी एक वाक्य ठरवून ठेवलं होतं, ‘आईच्या गुडघ्याचं औषध संपलंय’. मी बाथरूममध्ये जाऊन तेवढंच टाइप केलं. दोन मिनिटांत तिचा फोन आला, मी तो त्याच्यासमोर घेतला आणि घरी अडचण आहे म्हणून निघाले. त्याच्या मनात नक्की काय होतं ते मला आजही माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. पण माझा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होता आणि खोलीची किल्ली माझ्या खिशात होती, म्हणून मला त्या रात्री कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

ताई, भावाला एवढंच सांगा. खोली स्वतःची, परतीचं तिकीट स्वतःजवळ, पासपोर्ट कुणाकडेही नाही. आणि घरातल्या कुणाशी तरी एक वाक्य ठरवून ठेवू दे.

शब्दवेडी
अनघा, अंगावर काटा आला. ते वाक्य मी माझ्या मुलीला शिकवणार आहे.

बँकवाले_आबा
बँकेत ३१ वर्षं काढली. शेवटची काही वर्षं माझ्या टेबलाशी येऊन रडलेली माणसं आठवतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे ठरलेला प्रकार असा. परदेशी ‘मित्र’ किंवा ‘मैत्रीण’ भेटवस्तू पाठवते, मग दिल्लीहून फोन येतो की पार्सल कस्टममध्ये अडकलंय, अमुक रक्कम भरा. नाहीतर ती स्वतःच भारतात आलीये आणि मोठ्या रकमेचा ड्राफ्ट जवळ असल्यानं विमानतळावर अडवलंय. फोनवरची बाई हिंदी झकास बोलते. एका निवृत्त शिक्षिकेनं साडेचार लाख भरले होते, पाच वेगवेगळ्या खात्यांत. मी त्यांना विचारलं, “बाई, सरकारी शुल्क कुणा माणसाच्या बचत खात्यात भरतात का हो?” त्या म्हणाल्या, “तेव्हा सुचलं नाही, तो रडत होता.”

कस्टम खातं कुणाच्या खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाही. त्यांच्या पत्रावर डिन नावाचा क्रमांक असतो, तो सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. आणि पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी आलेल्या माणसासाठी आमच्या हातात फार थोडं उरायचं.

ताई, भावाला परत विचारा. समोरासमोर नको, बागेत काम करता करता विचारा.

विनय_न्यूजर्सी
इकडचं सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये कोलंबियातल्या अमेरिकी दूतावासानं इशारा दिला होता. २०२३ च्या नोव्हेंबर-डिसेंबर या दोन महिन्यांत एकट्या मेदेयीन शहरात आठ अमेरिकी नागरिकांचे संशयास्पद मृत्यू झाले होते आणि त्यातल्या अनेकांत डेटिंग अ‍ॅपवरच्या भेटीचा संबंध होता. तिथं पेयात स्कोपोलामिन घालतात. माणूस चालतो-बोलतो, पण स्वतःचं भान नसतं, एटीएमचा आकडासुद्धा सांगून टाकतो. माझ्या ऑफिसातला एक जण सुटीला तिथंच निघाला होता, हे वाचून त्यानं बेत बदलला.

फिलिपिन्स वेगळा देश आहे, मान्य. पण पेला नजरेआड झाला की तो परत तोंडाला लावायचा नाही, हे कुठंही लागू.

मिहिर_ठाणे
अनुमोदन. इस्तंबूलला तक्सीमजवळ माझ्या भावाला एकानं काडेपेटी मागितली, गप्पा मारत बारमध्ये नेलं, दोन मुली टेबलावर येऊन बसल्या आणि बिल आलं सत्तर हजार रुपयांच्या घरात. दारात दोन धिप्पाड माणसं उभी. असला प्रकार दिल्ली-मुंबईतही चालतो, मुलगी अ‍ॅपवर भेटते आणि कॅफे तीच ठरवते. जागा आपण ठरवायची.

रत्नागिरीचा_खलाशी
जरा थांबा मंडळी. २२ वर्षं बोटीवर आहे, त्यातली निम्मी फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर. वर जे लिहिलंय ते खोटं नाही, पण हे वाचून ताईंना वाटेल की तिकडे सगळे लुटायलाच बसलेत. तसं नाही हो. घरासाठी राबणारी माणसं आहेत. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, पगार झाला की पहिल्यांदा आईला, मग बहिणीच्या मुलांच्या शाळेला पैसे धाडायचा आणि मग स्वतःला चप्पल घ्यायचा. कमावत्यानं घर ओढायचं ही तिथली रीत आहे, आपल्या कोकणातल्या चाकरमान्यासारखीच.

आता कामाचं. जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवस विनाव्हिसा प्रवेश मिळतो. मुदत वाढवून मिळत नाही. पासपोर्ट सहा महिने तरी वैध हवा, परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चाला पैसे असल्याचा पुरावा लागतो. पोचण्याआधी ७२ तासांच्या आत ई-ट्रॅव्हल ही तिथली सरकारी ऑनलाइन नोंदणी करायची, ती फुकट असते. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती बनावट. विमानतळ मक्तान बेटावर आहे, तिथून ग्रॅब या अ‍ॅपवरून टॅक्सी करून शहरात जायचं. पहिली भेट आयाला सेंटर मॉलमध्ये ठेवा, भरपूर गर्दी असते. ऑगस्ट हा वादळांचा काळ, तेव्हा तारीख बदलता येणारं तिकीट काढा.

आणि ती रात्रपाळी करते ना? घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे. ती म्हणते त्या वेळी ती खरंच कामावर असते का, हे १४ महिन्यांत भावाच्या आपोआप लक्षात आलं असेल. खोटं बोलणाऱ्याची पाळी सांभाळणं अवघड असतं.

वकील_स्वाती
खलाशीदादांनी चांगलं लिहिलंय. मी कायद्याचं लिहिते, कारण याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

फिलिपिन्समध्ये घटस्फोटाचा कायदा नाही, मुस्लिम समाजाचा अपवाद सोडला तर. त्यामुळे वर्षानुवर्षं वेगळी राहणारी बाईसुद्धा कागदोपत्री विवाहित असू शकते. ती खोटं बोलत असेलच असं नाही, तिच्या मनानं तो संसार केव्हाच संपलेला असतो. पण तिथं व्यभिचार हा आजही गुन्हा आहे. आपल्याकडे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो गुन्हा रद्द केला, तिथं मात्र विवाहित स्त्री आणि ती विवाहित आहे हे माहीत असूनही संबंध ठेवणारा पुरुष, दोघांनाही सहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नवऱ्यानं तक्रार केली की परदेशी माणूस अडकला.

यावर उपाय म्हणजे एक कागद. त्याला सेनोमार म्हणतात. तिथलं सांख्यिकी प्राधिकरण तो देतं, नावावर लग्नाची नोंद नाही असा दाखला. तिथल्या मुलींना तो माहीत असतो, मागण्यात अपमान नाही.

दुसरं, ‘गेलोच आहोत तर लग्न करूनच येऊ’ हा विचार मनात आला असेल तर काढून टाका. परदेशी माणसाला आधी आपल्या दूतावासाकडून विवाहक्षमतेचा दाखला लागतो. मग परवान्यासाठी अर्ज, मग दहा दिवस जाहीर नोटीस. १४ दिवसांत हे बसत नाही आणि कुणी ‘बसवून देतो’ म्हणाला तर तो दलाल समजा. पैसे घेऊन फिलिपिनो व्यक्तीचं परदेशी माणसाशी लग्न जुळवून देण्याचा धंदा तिथं कायद्यानं बंद आहे, २०१६ चा कायदा आहे. अ‍ॅपवर स्वतः ओळख होणं वेगळं, मध्यस्थाला पैसे देणं वेगळं.

कोल्हापुरी_पम्या
स्वातीताई, हे माहीतच नव्हतं. माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो.

काकू_डोंबिवली
सगळं वाचलं. पण एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा इथलीच एखादी विधवा, घटस्फोटित मुलगी का बघत नाही? भाषा, जेवण, सण, सगळंच वेगळं. पोरगी तासगावात रमेल का?

तासगावची_ताई
काकू, बघितल्या. दोन घटस्फोटित मुली बघितल्या. एकीच्या वडिलांनी पुण्यात फ्लॅट आहे का विचारलं, दुसरीनं बागेचा फोटो बघून ‘इथं राहायचं?’ असं विचारलं. त्यांचंही चुकत नाही, पण आम्ही किती दारं वाजवायची?

आणि आबा, तुमचं ऐकून मी काल त्याला विचारलं. डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवायचं काम, चालू असताना. हात थांबला त्याचा. मग म्हणाला, दोनदा पाठवले. एकदा आजीच्या दवाखान्यासाठी ९ हजार, एकदा भावाच्या फीसाठी ६ हजार. मला सांगितलं नाही कारण मी हेच म्हणेन हे त्याला माहीत होतं. मला रडूच आलं, पैशासाठी नाही, तो चौदा महिने हे एकट्यानं मनात ठेवून होता म्हणून.

मिहिर_ठाणे
झालं. हा फ्रॉड आहे. जाऊ देऊ नका.

रत्नागिरीचा_खलाशी
मिहिरभाऊ, इतक्या लवकर नको. १४ महिन्यांत १५ हजार, रोज व्हिडिओ, बहिणीशी बोलणं. लुटणारा एवढ्या कमाईसाठी एवढे कष्ट घेत नाही. ही रक्कम तिथल्या घरात खरी गरज म्हणूनही मागितली जाते. तरी भेट होईपर्यंत एक पैसाही द्यायचा नाही, हे मात्र शंभर टक्के.

महेश_भुसावळ
खलाशीदादा, माफ करा, पण याला दुसरी बाजू आहे. मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या सीमेवरच्या म्यावाडी भागातून, म्हणजे म्यानमारमधून, ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या दोन विमानांनी परत आणलं. नोकरीच्या आमिषानं नेलेली पोरं. तिथं त्यांना कोंडून ठेवून दिवसरात्र हेच करायला लावायचे, खोट्या फोटोंवर प्रेमाच्या गप्पा. तिथं आधी महिनोन्महिने काहीच मागत नाहीत, मग गुंतवणुकीचं अ‍ॅप डाउनलोड करायला सांगतात. आमच्या ओळखीतला एक मुलगा अशाच ठिकाणाहून सुटून आला. तो म्हणतो, रोज किती जणांना ‘जेवलास का’ विचारायचं याचं टार्गेट असायचं. चुकलं तर मार. समोरचा माणूस खरा वाटला तरी त्याच्या मागं कोण उभं आहे ते दिसत नाही.

व्हिडिओवर आत्या-मामा, गल्ली, तिचं ऑफिसचं ओळखपत्र, सगळं नीट बघा. अचानक फोन करा, ठरवून नको.

अनघा_पुणे
@तासगावची_ताई, भावाला म्हणावं, आता तिला प्रेमानं पण स्पष्ट सांग, भेट होईपर्यंत पैसे नाहीत. मग चार-आठ दिवस बघा ती काय करते ते. माझ्या अनुभवात माणूस ‘नाही’ ऐकल्यावर जसा वागतो तसाच तो पुढं वागतो.

बँकवाले_आबा
अनघाताईंना +१. जाताना फॉरेक्स कार्डात मोजकीच रक्कम भरायची, मुख्य खात्याचं डेबिट कार्ड घरी ठेवायचं. यूपीआय अ‍ॅप असलेला फोन वेगळा, तिकडे वापरायचा वेगळा. आणि कुणाचीही बॅग, पुडकं, ‘माझ्या मावशीला दे’ म्हणून दिलेलं काहीही आणायचं नाही. मुंबईचं एक जोडपं २०१९ मध्ये नातेवाइकानं दिलेल्या सामानापायी कतारमध्ये तुरुंगात पडलं होतं, २०२१ मध्ये निर्दोष सुटेपर्यंत बाळंतपण तुरुंगात झालं. तेही घरच्या माणसानं दिलेलं सामान होतं.

शब्दवेडी
मला सारखं दुसऱ्या बाजूचं वाटतंय. तिकडे त्या मुलीची बहीणही असाच धागा लिहीत असेल का? ‘ताईला भेटायला एक भारतीय माणूस येतोय, काय काळजी घ्यावी?’ तिच्यासाठी तर भाऊच अनोळखी आहे. एकटी बाई, परका पुरुष.

वकील_स्वाती
शब्दवेडी, अगदी. म्हणूनच तिथल्या सरकारनंही नियम केलेत. परदेशी माणसाशी लग्न करून बाहेर निघालेल्या फिलिपिनो व्यक्तीला सरकारी समुपदेशन सत्राला बसून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. विमानतळावरही त्यांचे अधिकारी कसून चौकशी करतात, कागद पटले नाहीत तर विमानात चढू देत नाहीत. तेव्हा पुढंमागं ती भारतात यायला निघाली आणि ‘मला अडवलं’ म्हणाली तर ते खरंही असू शकतं. फक्त त्या कारणानं दुसऱ्यांदा तिकिटाचे पैसे पाठवू नका, तिकीट तुम्हीच काढा.

मिहिर_ठाणे
माझं मत तेच आहे, पण जायचंच असेल तर मनिलातल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवू द्या. फोन हरवला की सगळं जातं. पासपोर्ट हरवला तर दूतावास परतीसाठी आपत्कालीन प्रमाणपत्र देतो.

तासगावची_ताई
तीन आठवड्यांनी लिहितेय. तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद छापून भावाला दिले. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी शेडमधून आला आणि म्हणाला, “ती अनघाताईंची गोष्ट खरी आहे का गं?” मी म्हटलं, खरी.

मग त्यानं तिला पैशाचं सांगितलं. ती रुसली. दोन दिवस फोन नाही. तो जेवला नाही, मी माझ्याच घरात चोरासारखी वावरत होते. तिसऱ्या दिवशी तिनं फोन केला, पण तिच्या आईबरोबर. आई बोलली आणि तिनं त्याचं इंग्रजी करून सांगितलं. आई म्हणाली, पैसे मागायला नको होते, मला माहीत नव्हतं. आणि मग आईनं विचारलं, तुझं आधी लग्न झालेलं नाही याचा काही कागद आहे का? भारतीय माणसाच्या घरी आधीच बायको असल्याचं त्यांनी एका शेजारणीच्या बाबतीत पाहिलंय म्हणे.

शब्दवेडी, मला तुमचीच आठवण झाली.

सोमवारी भाऊ ग्रामपंचायतीत गेला होता. ग्रामसेवक हसला, मग त्यानं नीट विचारून घेतलं आणि अविवाहित असल्याचा दाखला दिला. स्वातीताईंनी खासगी निरोपात सांगितल्याप्रमाणे नोटरीचं प्रतिज्ञापत्रही केलंय. तिनं सेनोमारसाठी अर्ज केलाय, पावतीचा फोटो पाठवला. कागद अजून आलेला नाही. आला नाही तर तारीख पुढं ढकलायची, असं भाऊ स्वतःच म्हणाला.

बुकिंग झालंय, हॉटेल त्याच्या नावावर, नऊ दिवस. सोबत माझे मिस्टर जाणार आहेत. त्यांनी स्वतःहून सांगितलं, “मी मॉलच्या दुसऱ्या टोकाला बसून आइस्क्रीम खाईन, पण येणार.” ठरवलेलं वाक्य आहे ‘मोटर जळाली’. ते कळलं की मी इथून फोन करायचा.

अनघा_पुणे
ताई, मिस्टर जातायत हे वाचून फार बरं वाटलं. ‘मोटर जळाली’ एकदा इथून घरच्या घरी करून बघा, फोन लागतो का ते.

काकू_डोंबिवली
मी वर जे लिहिलं ते काळजीपोटी होतं गं. तिच्या आईला भेट काय नेतोय?

तासगावची_ताई
काकू, आईनं घरच्या बेदाण्याची पाच किलोची पिशवी भरून ठेवलीये. मी म्हणतेय एवढे कशाला.

रत्नागिरीचा_खलाशी
एक किलो पुरे. सीलबंद पाकिटात द्या आणि ई-ट्रॅव्हलच्या कस्टमच्या भागात खाण्याचा पदार्थ म्हणून लिहा, लपवू नका. आणि हिरवे द्या, काळे नको. फोटोत हिरवे चांगले दिसतात.